तिचं तिला सांगू द्या

बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘भोंगा’ म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. बावीस वर्षं माइकसमोर बसून त्याची जीभ इतकी सुटली होती, की समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं हाच पुरं करून टाकायचा. त्याच्या अकरा वर्षांच्या लेकीचं नेमकं उलटं होतं. ती अडखळत बोलायची. एखाद्या शब्दापाशी अडली की मान कलायची, डोळे मिटायचे आणि शब्द काही केल्या बाहेर यायचा नाही. मग बाप धावून यायचा. दुकानात, शाळेत, पाहुण्यांत, तिच्या वाटचं तोच बोलायचा. चारचौघांत पोरीची फजिती होऊ नये, एवढंच त्याच्या मनात असे.

घरात तिला खारूताई म्हणत. घडीभर एका जागी बसेल तर शपथ! तीच पोर दोन महिन्यांपासून लंगडायला लागली. गुडघ्याचे एक्सरे झाले, मलमं झाली, गोळ्या झाल्या. एक्सरेत काहीच दिसेना. “शाळा बुडवायची नाटकं असतील,” असंही एका डॉक्टरनं सुनावलं. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं. धाकटा अजून अंगावर पीत होता, म्हणून आई घरी राहिली आणि बाप लेकीजवळ.

“दुखतं कुठं गं?” असं सिस्टरनं विचारायचा अवकाश, की हा सुरू. “गुडघा, सिस्टर. उजवा.”

खारूताई म्हणायची, “ज... जा...”

“हो, जास्त चाललं की दुखतो. सांगतोय मी.”

मग ती पांघरुणाचे दोरे उपसत बसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी हाडांच्या मोठ्या डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. मागे सहा शिकाऊ डॉक्टर.

“काय होतंय?”

“मॅडम, उजवा गुडघा. दोन महिने झाले, आधी आम्ही...”

“तुम्हाला होतंय का?”

“मला? नाही, हिला.”

“मग तिचं तिला सांगू द्या.”

बाप ओशाळला. हळूच म्हणाला, “ती अडखळते हो, मॅडम. तुमचा वेळ जाईल.”

“जाऊ दे,” म्हणत बाईंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या.

खारूताईनं बापाकडे पाहिलं. मग तिनं तोंड उघडलं. “ज... जा...” मान कलली, डोळे मिटले. एका शिकाऊ डॉक्टरनं घड्याळ पाहिलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तसा त्यानं हात खिशात घातला. ‘जास्त’ हा शब्द बापाच्या अगदी ओठावर आला होता. त्यानं खाटेचा लोखंडी दांडा घट्ट धरला.

पोरीनं श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

“जां... जांघेत दुखतं. गु-गुडघ्यात नंतर येतं. पाय आत व-वळवला की कळ मारते. मी प-पहिल्यापासून हेच सांगत होते.”

बापानं मनातल्या मनात दिवस मोजले. दोन महिने! बाईंनी उजवा पाय गुडघ्यात दुमडून हलकेच आत वळवून पाहिला. तो वळेना, आणि पोरीनं ओठ चावला.

“खुब्याचा एक्सरे काढलाय?” नव्हता काढला. बाई शिकाऊ डॉक्टरांकडे वळल्या. “दुखणं खुब्याचं असलं, तरी मूल गुडघ्याकडे बोट दाखवतं. तुम्ही वाचलेलं असतं आणि ऐन वेळी विसरता. हिनं आज आपणहून सांगितलं.”

दुपारी एक्सरे आला. खुब्याच्या हाडाचा गोळा जागेवरून घसरायला लागला होता. वेळेत सापडलं होतं. आता एक पाऊलही टाकायचं नाही, उद्या ऑपरेशन, आत एक स्क्रू.

संध्याकाळी बाप खाटेच्या कडेला बसला. “खारूताई, चुकलं गं माझं.”

“ह-हो,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पा-पाणी दे.”

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनआधी बाईंनी विचारलं, “तुला काही विचारायचंय?”

“स्क्रू गं... गंजतो का?”

“नाही गंजत. हा प्रश्न मला आजवर कुणी मोठ्या माणसानं विचारला नव्हता.”

ऑपरेशन नीट पार पडलं. चौथ्या दिवशी तो घड्याळवाला शिकाऊ डॉक्टर वही घेऊन आला. त्याला हिच्याच दुखण्यावर वर्गात बोलायचं होतं. खारूताई उशीला टेकून सगळं सांगू लागली, आणि तो तिच्या वेगानं लिहू लागला. मध्येच तिनं वहीवर बोट ठेवलं.

“डा-डावा नाही. उ-उजवा.”

त्यानं मुकाट्यानं खोडून उजवा लिहिलं.

शेजारच्या खाटेजवळच्या बाई हसल्या. “तुमचीच का हो मुलगी?”

“माझीच,” बाप म्हणाला, आणि खुर्चीत जरा ताठ बसला.