उभी गाडी

लोहाऱ्याच्या स्टँडमागं योगीराजचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, तो त्यात तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचा. त्याच्या वडिलांना, बलभीम आबांना, दोन वर्षांपासून चालणं जमेना. उभं राहता यायचं. पण थोडं चाललं की पोटऱ्या पेटायच्या. पायांच्या शिरांना रक्त पुरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. शेत दीड किलोमीटरवर. मोटारसायकलवर मागं बसून जायला आबा तयार नव्हते.

"पोत्यागत न्यायलास मला," म्हणायचे.

म्हणून योगीराजनं मोबाईलवर व्हिडिओ बघत उभी गाडी बनवायला घेतली. मोडीत निघालेल्या इलेक्ट्रिक व्हीलचेअरच्या दोन मोटारी, जुन्या बॅटऱ्या, प्लायवूडचा पाट आणि धरायला पाण्याच्या पाइपाचा दांडा. पाटाखाली काडेपेटीपेक्षा लहान सेन्सर. माणूस पुढं झुकला की सेन्सरला कल कळायचा आणि चाकं पुढं धावून पाट सावरायची. मागं रेललं की गाडी थांबायची. पाटावरून पाय निघाला की करंट तुटावा असं एक बटण बसवायचं होतं, पण त्याचं पार्सल अजून आलं नव्हतं.

दोन महिन्यांनी गाडी तोल धरून उभी राहिली. आबा अंगणात तिच्यावर चढले, दोन फेऱ्या मारून उतरले आणि लहान मुलासारखे हसले.

त्याच आठवड्यातली गोष्ट. भर दुपारी योगीराजची बायको निकिता ओसरीवर तूर निवडत बसली होती; आबा पाहुण्यांकडं गेले होते. गाडी चालू ठेवून योगीराज पाना आणायला आत गेला होता. एकटीच उभी असलेली गाडी एकदम थरथरली आणि सुसाट निघाली. भिंतीवर आपटली, तरी चाकं थांबेनात. फरशीवर रबर घासत, भिंतीला रेटतच राहिली. योगीराजनं धावत येऊन बॅटरीची तार उपटली. जळक्या रबराचा वास घरभर पसरला.

"अहो, हिच्यावर कुणी नव्हतं," निकिता म्हणाली. तिचं सूप उपडं झालं होतं.

"सेन्सर गोठला. कललंय, कललंय एवढंच सांगत राहिला, म्हणून चाकं पळाली. वायरीचा घोळ हाय, करतो मी."

"आबांना सांगा आधी."

"सांगितलं तर ते परत चढणार न्हाईत. दोन वर्षांनी शेत बघणार हाईत ते."

त्यानं वायरीला आवरण म्हणून अॅल्युमिनियमचा चंदेरी कागद गुंडाळला, सगळे जोड पुन्हा डागले. तीन दिवस गाडी शहाण्यासारखी चालली. चौथ्या दिवशी आबा शेताला निघाले. निकितानं नवऱ्याकडं बघितलं. तो खाली बघून चहा पीत होता.

नऊ दिवस काही झालं नाही. रोज आबा जाऊन येईपर्यंत योगीराजचं दुकानात लक्ष लागायचं नाही. मोटारीचे वेढे मोजताना चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. फोन वाजला की हातातली तार तशीच सोडायचा.

दहाव्या दिवशी सकाळी निकिताचा फोन आला. "या लवकर. बानूबाई पडल्यात."

बानूबाई म्हणजे शेजारच्या शेतातली म्हातारी. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती पाणंदीनं पुढं चालली होती. मागून आबा येत होते. गाडी थरथरली, उसळली. आबा बाजूच्या बांधावर फेकले गेले आणि गाडी एकटीच पुढं गेली. भाऱ्यामुळं बानूबाईला मान वळवता आली नाही. गाडीनं तिला मागून उडवलं.

सोलापूरच्या दवाखान्यात आबा खरचटलेले हात मांडीवर ठेवून बसले होते. समोर बानूबाईचा मुलगा रणधीर.

"चूक माझी हाय रणधीर," आबा म्हणत होते. "म्याच जास्त झुकलो. बुढ्यानं कशाला असले नाद करावेत? तुझ्या आईला म्या पाडलं."

हे त्यांनी सकाळपासून पाच-सहा वेळा सांगितलं होतं. निकिता भिंतीला टेकून उभी होती. तिनं योगीराजकडं बघितलं नाही.

"आबा, तुमी झुकला न्हाईत," योगीराज म्हणाला. "गाडीच पळाली. आधी बी एकदा अशीच पळाली व्हती. घरीच. मला ठाऊक व्हतं."

रणधीर उठला. योगीराजला वाटलं, आता मारणार. पण तो तसाच उभा राहिला आणि मग आईच्या खोलीकडं निघून गेला.

आबांनी मान वर केली.

"कवा पळाली?"

"तुमी शेताला जायच्या आधी."

"आन् तरी मला तिच्यावर उभा केलास?"

योगीराजनं आबांना उठवायला हात पुढं केला. आबांनी तो धरला नाही. भिंतीचा आधार घेत, थांबत थांबत, ते एकटेच रणधीरच्या मागं गेले.

बानूबाई वाचली. खुब्यात सळई घातली, पण ती पुन्हा चालली नाही. तिचा खर्च योगीराजनं उचलला, आणि रणधीरनं तो घेतला. पण योगीराजच्या दारात त्यानं कधी पाय ठेवला नाही. आबा घरात सगळ्यांशी बोलतात. योगीराजला काही सांगायचं असलं, की निकिताच्या तोंडून सांगतात.