मीठ मुरलेले शीड

मित्रांनो, मांगरात, म्हणजे होड्या-जाळी ठेवायच्या खोपीत, आढ्याला टांगलेले मळके कापड म्हणजे मी, एक जुने शीड. माझे बोलणे जरा खारट लागेल. मी वाढलेच तसे.

हौसाबाईने लग्नाच्या वर्षी मला जाड मांजरपाटातून शिवले. तिचा नवरा गंगाराम मला डोलकाठीवर चढवी आणि नारळी पुनवेला पहिले हळदकुंकू मला लागे. मग नवे शीड आले. त्याला हळदकुंकू, मला आढे! माझा जळफळाट होणार नाही तर काय?

१९६१ च्या डिसेंबरात गोव्याच्या सीमेवर लढाईचे वारे सुटले. गोव्यातल्या पेडण्याकडची माणसे घरे सोडून सीमेअलीकडे आमच्या वाडीत आली. त्यांत सुगंधा होती आणि तिची तान्ही हिरा. वाडीतली घरे भरली, तेव्हा गंगारामने मला उतरवून त्यांच्या डोक्यावर छप्पर म्हणून माडांना बांधले. कट्टा गावाहून पेंढा आणि घोंगड्या आल्या. मी फुगले. नवे शीड मासे आणते, मी माणसे सांभाळते!

पण मला मांगरात ठेवताना कुणी गोड्या पाण्यात धुतले नव्हते. अंगात मुरलेल्या मिठाने दव ओढून घेतले. सकाळपर्यंत मी टपटप गळत होते आणि हिराची छाती भरली होती. ताप चढला.

हौसाबाई गंगारामला म्हणाली, "ह्या न्हय. होडयेचा नवा शीड सोडून हाड."

"मगे होडयेक काय लावू?" गंगारामने विचारले.

"होडयेक जुना चलात. पोराक नाय चलाचा."

झाले! डोलकाठी मला मिळाली. हेच तर हवे होते ना? पण होडी किनाऱ्याला लागली की गंगाराम मला वाळूत टाकून माडांखालच्या पोराकडे धावे. "पोर कसा आसा?" मासळीचे नावही काढत नसे.

एका सकाळी सुगंधा हसत बाहेर आली. "आज रातभर खोकला नाय गो!" हौसाबाईने नव्या शिडावरून मायेने हात फिरवला. त्याच दिवशी भर वाऱ्यात मी उभे फाटले. कुणी हळहळलेसुद्धा नाही.

लढाई संपली, माणसे घरी परतली. नवे शीड डोलकाठीवर गेले, मी आढ्याला. नव्या शिडाच्या कडेला हिराच्या तेलकट पंजाचा डाग आहे. हौसाबाई तो घासू देत नाही. हळदकुंकवाचा हेवा कधीच विरला. त्या डागाचा मात्र अजून वाटतो. तो माझ्या अंगावर हवा होता.

म्हणून, मित्रांनो, एक विनवणी. काम झाले की वस्तू तशीच गुंडाळून टाकू नका. मला खाली काढा, विहिरीच्या पाण्यात खळबळून धुवा, उन्हात वाळवा, फाटले तिथे टाके घाला. पुन्हा कुणी घर सोडून थंडीत दारात आले, तर आधी मला बांधा. या वेळी माझ्याखाली पोर कोरडे झोपेल.