टेबलावरची कॉफी

कॉफीचा धंदा करणाऱ्या त्या घरात वडिलांपासून चालत आलेला एक नियम होता: टेबलावरची कॉफी मोजायची नाही. सकाळी उठल्यावर घेतो ती कॉफी, पाहुण्यांबरोबर घेतो ती कॉफी. भट्टीमागच्या खोलीत, लांब टेबलावर मांडलेल्या वाट्यांतून चमच्याने भुरके मारत चाखायची, ते काम. आचारी नाही का दिवसभर चव बघतो आणि संध्याकाळी बायकोला सांगतो, सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. तसंच हे.

चाखायचं काम धाकट्याचं. थोरला भाऊ बिया विकत घेई, भाजून घेई, विकी आणि बाजारात मिरवी. पण कुठल्या पोत्यात कुठली बी मिसळायची, हे ठरवी धाकट्याची जीभ. पोतं ओलीला राहिलेलं असेल तर एका चमच्यात सांगे. बाजारात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे ‘जीभ’च म्हणत. ‘जीभ काय म्हणते?’ एवढं विचारून व्यापारी माल उचलत.

बाजाराला एकच गोष्ट माहीत नव्हती. जिभेला फिट येत असे, अगदी लहानपणापासून. थोरल्याने ही गोष्ट दागिन्यासारखी कडीकुलपात ठेवली होती. “आज म्हणतील बिचारा,” तो सांगे, “आणि उद्या म्हणतील, याच्या चवीचा काय भरवसा?” ही माया भावावरची की धंद्यावरची, असं त्याला कुणी विचारलं नाही. वहिनीच्या मनात येई, पण संसार करायचा तर मनात येईल ते सगळं बोलून कसं चालेल.

गोळ्यांनी फिट आटोक्यात असत, पण डोळे मिटत. चाखणाऱ्याने घोट तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचा, ही या धंद्यातली रीत. एकदा धाकटा टेबलाशी उभ्याउभ्या पेंगताना थोरल्याने पाहिला.

“थुंकतोस कशाला? गिळ की. झोप उडेल, आणि माल पण वाया जाणार नाही.”

धाकट्याने गिळली. झोप उडाली. त्या दिवसापासून थुंकायचं भांडं कोरडं पडलं. गोळीने झोपवायचं आणि कॉफीने उठवायचं, या दोघींच्या भांडणात त्याची रात्रीची झोप गेली, आणि कधीमधी येणाऱ्या फिट वरचेवर येऊ लागल्या.

डॉक्टरीणबाईंकडे थोरला बरोबर जाई आणि धाकट्याला तोंड नसल्यासारखा स्वतःच बोले.

“गोळी चुकते का?”

“छे. माझ्यासमोर घेतो.”

“काम काय करतात?”

“दुकानात मदत करतो.”

“चहा, कॉफी?”

“कॉफी. दोन कप फक्त.”

कामाचं उत्तर खोटं होतं. कपांचं मात्र खोटं नव्हतं, आणि खरी गोम तिथेच होती. दोघेही भाऊ त्याच नियमात वाढलेले, टेबलावरची धरायची हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. निदान थोरल्याच्या तरी. धाकटा भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत बसला. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली.

वाढवलेल्या गोळीने फिट थांबल्या नाहीत, जीभ मात्र गेली. प्रत्येक घोटाला गंजक्या खिळ्याची चव येऊ लागली. धाकटा वासावर आणि अंदाजावर दिवस ढकलू लागला, आणि चोरी उघडी पडू नये म्हणून आधीपेक्षा जास्त चाखू लागला. शेवटी एका दुपारी तो टेबलाशीच कोसळला. वाट्या फुटल्या. वहिनीने धावत येऊन त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची ओढणी घातली आणि तो शुद्धीवर येईपर्यंत तिथेच फरशीवर बसून राहिली.

“भावजी, एक सांगू? जीभ तुमची, धंदा यांचा. फिट आली की ती मात्र तुमची एकट्याची. या खेपेला डॉक्टरांशी तुम्ही बोला.”

तो बोलला. टेबल, वाट्या, गिळणं, गेलेली झोप, सगळं सांगितलं. थोरला खुर्चीत ताठ बसून ऐकत होता. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“हे आधी का नाही सांगितलं? इतक्या कॉफीने झोप जाते, आणि झोप गेली की फिट येणारच. काही गोळ्यांचा असरही तिच्यामुळे कमी पडतो असं दिसतं. मी गोळी वाढवलीच नसती. आधी कॉफी कमी करू. पण हळूहळू, एकदम नाही. तुमची चव घालवली ती या गोळीने. तीही नंतर बेताने उतरवू.”

रस्त्यात थोरला म्हणाला, “घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस.”

“दादा, तूच म्हणाला होतास, गिळ.”

“मी? कधी?”

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं, आणि धाकट्याला हेच जास्त लागलं. एका वाक्याने आपलं डोकं नासलं, आणि बोलणाऱ्याला ते वाक्य बोलल्याचीही आठवण नाही.

कॉफी सुटता सुटता धाकट्याचं डोकं ठणकलं, चिडचिड झाली. पण मग झोप आली, लहानपणीसारखी गाढ. फिट थांबल्या. काही महिन्यांनी गोळी उतरली आणि एका सकाळी भाकरीतलं मीठ त्याच्या जिभेला कळलं. तो घास तोंडात धरून बसून राहिला, डोळे भरून आले. पण त्याने कुणाला सांगितलं नाही. कुणीतरी विचारेल, म्हणून थांबला.

कुणी विचारलं नाही. तोवर टेबलाशी थोरल्याचा मेव्हणा उभा राहिला होता. त्यालाही जीभ होती, पण ती बोलण्यातच जास्त झिजलेली. बाजाराने ‘जीभ’ हे नावही त्यालाच देऊन टाकलं. धाकटा आता मागच्या खोलीत पुड्यांवर लेबलं चिकटवी. व्यापाऱ्यांनी चौकशी केली की थोरला हसून सांगे, “आमच्या धाकट्याला कॉफी चालत नाही हो.” पातळ भिंतीपलीकडून धाकट्याला शब्द न् शब्द ऐकू येई. थोरल्याचं सगळं घर ज्या जिभेवर उभं राहिलं, तिची ओळख आता एवढीच उरली होती.

एके दिवशी मोठा व्यापारी आला. वर्षभराचा माल उचलणार होता. मेव्हण्याने वाट्या मांडल्या, चाखलं, मान डोलावली. व्यापाऱ्याने भुरका मारला आणि तो घुटमळला.

“नक्की ठीक आहे ना?”

थोरल्याने मागच्या खोलीतून धाकट्याला बोलावलं आणि चमचा त्याच्या हातात दिला. “बघ जरा.”

धाकट्याने भुरका मारला. घोट घोळवला आणि भांड्यात थुंकला. पोती ओलीला राहिली होती. बुरशीची सुरुवात होती. हा माल महिनाभरात परत आला असता आणि थोरल्याची बाजारातली पत बरोबर घेऊन गेला असता. सगळं लख्ख कळलं, आधीपेक्षाही लख्ख. दारात वहिनी उभी होती. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि तिलाही कळलं. जीभ परत आली होती.

इतके दिवस ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो आज विचारला गेला होता. तोही गिऱ्हाइकासाठी.

“काय म्हणतोस?” थोरल्याने पुन्हा विचारलं. आवाजात आर्जव होतं.

धाकट्याने चमचा टेबलावर पालथा ठेवला.

“मला काय विचारतोस, दादा? मला कॉफी चालत नाही.”

व्यापारी हसला. थोरलाही हसला, सुटल्यासारखा. माल वाईट असता तर बोलला असता, असं दोघांनी धरलं आणि सौदा ठरला. वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं, मग दिराकडे, आणि ओठ घट्ट मिटले. धाकटा मागच्या खोलीत गेला. बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तोंडात बुरशीची चव तशीच होती. त्याने चूळ भरली, पुन्हा भरली, आणि लेबलं चिकटवायला बसला.