न पिणारं कापड

हॉटेलच्या धुलाईखान्यात तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई. एरवी सगळ्याजणी तिला मोजपट्टी म्हणत, कारण चादरीची घडी ती बोटांनी मोजून घाली आणि अर्धं बोट जरी चुकलं तरी पुन्हा उलगडे. सहा वर्षं ती तळघरातल्या गरम पाण्याच्या कुंडापाशी होती. हातांची सालटी निघाली होती. आता वरच्या घडीखान्यात एक कायमची जागा रिकामी झाली होती आणि मुकादमबाईंनी तिला आठ दिवस करून दाखवायला सांगितलं होतं. आठ दिवस नीट गेले की कुंड सुटणार होतं.

पण नेमकी त्याच आठ दिवसांत पाळी येणार होती. दुकानातल्या पॅडनं तिच्या मांड्या सोलवटून निघत; पहिल्याच दिवसापासून ती फेंगडी चाले. घडीखान्यात तर दिवसभर उभं राहायचं. म्हणून दहा दिवस आधी ती गल्लीतल्या शिवणवाल्या मावशीकडे गेली. मावशी घरीच कापडी पॅड शिवत असे.

"थर किती असतात, मावशी?"

"तीन, नाहीतर पाच."

"पाच थरांचं वाळायला किती वेळ लागतो? मधलं कापडही सुतीच आहे ना? पंखांची टिचबटणं टोचत नाहीत?"

"अगं, पॅड घ्यायला आलीस की नवरा बघायला?"

"नवऱ्याचं एवढं कोण बघतं, मावशी?"

मावशी खो खो हसली. मोजपट्टीनं मात्र चारही बाजूंनी बोटं टेकवून रुंदी मोजली. तिच्या खोलीला एकच खिडकी होती. पाच थरांचं पॅड दोन दिवस दमट राहिलं असतं, मग वास आणि खाज. तिनं तीन थरांची, मऊ सुती, गडद रंगाची चार पॅड निवडली. तीन-चार महिन्यांच्या दुकानी पॅडच्या पैशांत ती आली, आणि नीट वापरली तर काही वर्षं पुरणार होती.

"नवं कापड पाणी पीत नाही हं," मावशीनं बजावलं. "आधी तीनदा धू. मग बघ कसं पितं."

तिनं तीनदा धुतली. आणि तीनही वेळा, शेवटच्या पाण्यात, कपडे मऊ करायचं गुलाबी सॉफ्टनर टाकलं. धुलाईखान्यातली एकही चादर त्याशिवाय बाहेर पडत नसे. सहा वर्षं तिचा हात त्या बाटलीकडे आपसूक जात होता. शिवाय इथं नाजूक कातडीचा प्रश्न, म्हणून एका झाकणाऐवजी दोन. पॅड मांजराच्या कानासारखी मऊ झाली. तिनं एक गालाला लावून पाहिलं.

"ताई, मलाही अशीच हवीत," धाकटी बहीण म्हणाली.

घडीखान्यातल्या सातव्या दिवशी सकाळी पाळी आली. मोजपट्टी कित्येक वर्षांत पहिल्यांदा पाळीच्या दिवशी सरळ चालली. काही टोचेना, काही घासेना. दुपारपर्यंत तिनं इतक्या चादरींच्या घड्या घातल्या, की मुकादमबाई येऊन समाधानानं मान डोलावून गेल्या.

घडीखान्याची एक रीत होती. पन्नास चादरींचा गठ्ठा झाला की त्यावर बसायचं, अंगाचा भार टाकायचा आणि दाबूनच गाठ मारायची. ती बसली, गाठ मारली, उठली.

"थांब. हलू नकोस," मुकादमबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा एप्रन सोडून तिच्या कमरेला बांधला. गठ्ठ्याच्या वरच्या चादरीवर तळहाताएवढा डाग होता. दारात हॉटेलचे व्यवस्थापक साहेब उभे होते. ते वळून जिना उतरले.

"काय वापरलं होतंस?"

"कापडी."

"आजच सुचलं होय तुला!" बाई जिन्यावरून खाली गेल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या. "डाग जाईल गं. पण साहेब म्हणतात, उद्यापासून खालीच. मी खूप बोलले. हात टेकले त्यांच्यापुढे."

घरी आल्यावर तिनं न वापरलेलं पॅड घेतलं आणि चमच्यानं त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब मण्यासारखा गोल राहिला, मग कडेवरून घरंगळून खाली पडला. दुसरा थेंब तिनं पुसायच्या फडक्यावर सोडला. तो लगेच मुरला.

"त्या मावशीनं फसवलं तुला!" धाकटी चिडली.

"मावशीनं नाही." तिनं पॅड बोटांत चोळून पाहिलं. "सॉफ्टनरचा थर बसलाय धाग्यांवर. मऊ लागतं ते त्यानंच. आणि पाणी आत जात नाही तेही त्यानंच. तिनं तीनदा धू म्हटलं, मी तीनदा लेप दिला."

"मग आता?"

"गरम पाणी आण. आणि धुण्याचा सोडा."

चौथ्या खेपेला पॅडवर सोडलेला थेंब आत गेला. धाकटीनं टाळ्या वाजवल्या. "ताई, पितंय! झालं की नीट!"

"हो. कापड झालं," ती म्हणाली. सोड्यानं हात पुन्हा सोलले होते. तिनं ते लुगड्याच्या फडक्यात गुंडाळले आणि भिंतीला टेकून बसली. धाकटी पॅड दोरीवर वाळत घालत होती.

सकाळी ती तळघरात उतरली. वरून तो डाग पडलेला गठ्ठा आला होता, तिनंच बांधलेला. गाठ इतकी घट्ट होती की सोडायला दोघी लागल्या. चादरी कुंडात गेल्या. शेवटचं पाणी चढलं, तशी पलीकडची ओरडली, "मोजपट्टे, औषध टाक!"

तिनं सॉफ्टनरची बाटली उचलली, झाकण मोजून भरलं आणि ओतलं.