दोन गाड्यांचा पल्ला

रविवार, ९ मार्च २०२५, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. राजसच्या गाडीची बॅटरी शंभर टक्के भरलेली होती आणि त्याच्या शेजारी सुमंत पट्टा लावून बसले होते. जे. पी. नगरातून येलहंका आणि परत, चोपन्न किलोमीटर एकमेकांचे तोंड पाहायचे होते.

पुण्याहून आलेल्या राजसने आपली विजेची गाडी एका चार्जमध्ये चारशे किलोमीटर धावते असे वर्षभर लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवले होते. तसलीच गाडी असलेल्या शेजारच्या सुमंतांनीही तंत्रनिकेतनात शिकवताना लागलेल्या शिस्तीने कंपनीचा आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांतला फरक त्याला वर्षभर चारचौघांत समजावला होता. दोघांत विस्तव जात नव्हता. आता इमारतीत एकाच चार्जिंग पॉइंटपुरता वीजभार शिल्लक होता, आणि ज्या गाडीचा खरा पल्ला कमी तिला तो द्यायचा, असे असोसिएशनने ठरवले होते. तिलाच वरचेवर चार्ज करावे लागणार. त्यामुळे चारशेची फुशारकी राजसने रातोरात गिळली होती.

सुमंतांना पॉइंट हवा होता तो नीरजासाठी. पक्षाघातानंतर बायकोला एकटे ठेवण्याची सोय राहिली नव्हती. गेल्या महिन्यात ते बाहेरच्या चार्जरवर ताटकळत असताना ती न्हाणीघराच्या दारात पडली होती, आणि ते परतेपर्यंत तशीच पडून होती.

चाचणीचे नियम सुमंतांनीच लिहिले होते: रस्ता तोच, एसी बंद, चाकांत हवा सारखी, दोन्ही गाड्यांत दोन्ही प्रतिस्पर्धी हजर.

पहिला सिग्नल सुटताच राजसने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि पुढच्या सिग्नलला करकचून ब्रेक मारला. मेखरी सर्कलपर्यंत हेच चालले.

"रोज असेच चालवता?" सुमंतांनी विचारले.

"नियमात पाय कुठे लिहिलाय, काका?"

मुद्दाम वाईट गाडी चालवणारा माणूस नियम लिहिताना सुमंतांच्या कल्पनेतच आला नव्हता. परतल्यावर बॅटरी चोवीस टक्के उतरली होती. म्हणजे पूर्ण चार्जचा पल्ला दोनशे पंचवीस किलोमीटर.

सुमंतांची पाळी अकराला होती. मदतनीस बाई रविवारी दहालाच जात, म्हणून नीरजाला मागच्या आसनावर बसवावे लागले. काकूंचे वजन काकांच्याच फायद्याचे, अशी हरकत राजसने घेतली. सुमंतांनी वाद न घालता डिकीतली स्टेपनी आणि हत्यारांची पेटी काढून खाली ठेवली.

"आता तुम्हीही दाबा की," पट्टा लावता लावता राजस म्हणाला. "का तत्त्वात बसत नाही?"

दाबायचेच, असे सुमंतांनी लिफ्टमधून उतरतानाच ठरवले होते. न्हाणीघराचे दार त्यांच्या डोळ्यांसमोर होते. तत्त्वे त्यांनी गुंडाळून ठेवली. सिग्नल सुटला, त्यांनी पाय खाली नेला आणि गाडी उसळली. पुढे रिक्षा आडवी आली, ब्रेक लागला. मागे काचेवर काहीतरी आपटले.

नीरजा डाव्या अंगावर कलंडली होती. लुळा पडलेला तो हात तिला सावरत नव्हता. पट्ट्याने तिला धरले होते, पण कपाळ काचेला लागले होते.

"स्वल्प हळू," ती जड जिभेने म्हणाली.

सुमंतांनी गाडी कडेला घेतली, तिला सरळ बसवले, उशी लावली. राजस फोनमध्ये पाहत होता.

"नियमात बसतं हं, काका," तो मान वर न करता म्हणाला.

त्यानंतर सुमंतांचा पाय पुन्हा जोरात पडला नाही. हेब्बाळच्या गर्दीत मागचे हॉर्न ठणाणत राहिले, राजस तीनदा हसला, आणि ते नेहमीसारखे, नीरजाच्या मानेला धक्का बसणार नाही इतक्या अलगद गाडी चालवत राहिले. परत आले तेव्हा बॅटरी तेवीस टक्के उतरली होती.

"गाडी सुरेख चालवता," उतरताना राजस म्हणाला.

नीरजाला वर नेऊन निजवल्यावर असोसिएशनच्या ग्रुपवर सुमंतांनी स्वतःच निकाल टाकला: राजस २२५ किलोमीटर, सुमंत २३५.