उलटा हात

“झालं. आता पाणीपण तपासणार भावोजी,” मेहुणी पुटपुटली. “आम्ही इथे कुडकुडतोय.” हळू बोलली, पण ऐकू जाईल इतपतच हळू.

वायरमन पोहण्याच्या तलावाकाठी उकिडवा बसून हाताची उलटी बाजू पाण्याला लावत होता. उमेदवारीपासूनची सवय. तार असो की चहाचा पेला, आधी उलटा हात. झटका बसला तर बोटं मिटतात, पण तार मुठीत सापडत नाही. या सवयीची घरात सगळे थट्टा करत. एकटी बायको करत नसे.

ती याच उन्हाळ्यात पोहायला शिकली आणि बघता बघता उंच फळीवरून उड्या मारायला लागली. पाण्याबाहेर डोकं आलं की डोळे पुसायच्या आधी हसायची. तसलं हसू वायरमनने घरात कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या वाट्याला आलं ते कामापुरतं. आधी तो शिकवणाऱ्या सरांवर जळला. सर नातवंडंवाले निघाले, तेव्हा बिचाऱ्याला जळायला नुसतं पाणी उरलं. आणि तो पाण्यावरही जळला.

म्हणून आज तो आला होता. तिच्याबरोबर उडी मारायची, आणि ते हसू वर येईल तेव्हा शेजारी आपण असायचं.

शिडी चढताना त्याने प्रत्येक पायरी दाबून पाहिली. वर पोचल्यावर कठडा हलवला. वाकून फळीचे नट बघितले.

“भावोजी, उडी मारताय की फिटिंग करताय?” खालून मेहुणी.

“अहो, तिकडे लक्ष नका देऊ,” फळीवर आधीच उभी असलेली बायको म्हणाली. “मी आहे ना. धरा.”

तिने हात पुढे केला. ओला, पाण्याने सुरकुतलेला. वायरमनने श्वास घेतला, हात उचलला आणि तिच्या तळव्याला आधी उलटा हात लावला.

क्षणभरच. लगेच त्याने हात वळवला, पण तोवर तिने आपला मागे घेतला होता.

बायकोने एकटीनेच उडी मारली. तो दोन्ही हातांनी कठडा धरून त्या हसण्याची वाट पाहत राहिला.

डोकं वर आलं. तिने आधी डोळे पुसले. मग काठ धरून वर पाहिलं.

“इतकी वर्षं झाली,” ती म्हणाली, “मलापण तुम्ही अजून उलट्या हातानंच शिवता.”