बी झेनाची शपथ

तौसी दासी होती, पण झेनाच्या डोळ्यांत ती सवतीसारखी खुपायची. मरतानासुद्धा नवऱ्यानं, मुहाजीनं, पाणी मागितलं ते तौसीच्या हातचं! बायको उशाशी बसलेली, आणि याच्या तोंडी ‘तौसी, तौसी’! झेनाच्या अंगाची नुसती लाही झाली होती.

आता लामू बेटाच्या काजीपुढे दीर अथमानी उभा होता. थोरल्या भावाला, मुहाजीला, कर्जाऊ दिलेले रियाल बुडाले, त्याबदल्यात त्याला तौसी हवी होती. झेना म्हणाली, खुशाल ने हिला, ब्याद टळेल.

काजीसाहेबांनी मात्र हात वर केला. “थांबा. धन्यापासून मूल झालेली दासी धनी मेला की मोकळी होते. ती कर्जात जात नाही. बी झेना, तौसीची रेहेमा तुमच्या नवऱ्याची का?”

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पोरीचं नाक म्हणजे मुहाजीचंच नाक. पण भर कचेरीत आपल्याच तोंडानं म्हणायचं, की माझी कूस रिकामी राहिली आणि हिची भरली? आणि मग ही भवानी मोकळी होऊन गावभर मिरवणार? छे! दारात पोरीला घेऊन बसलेल्या तौसीला कुणी काही विचारलंच नाही.

झेनानं कुराणावर हात ठेवला. “माझ्या नवऱ्यानं हिला बोटसुद्धा लावलं नाही.”

“मग निकाल सरळ आहे,” काजीसाहेब म्हणाले. “दासी अथमानीची. आणि पोरही तिच्याबरोबर.”

“पोर?” झेना ताडकन उठली. “अहो, पोर कशी जाईल? तिला मी वाढवलंय! माझ्या कुशीत झोपते ती, मला आई म्हणते!”

“बाप मुहाजी नाही, तर ती दासीची मुलगी. म्हणजे दासीच. शपथ तुमचीच आहे.”

“अथमानी, अरे, तुझ्या भावाचं रक्त आहे रे ते!”

“असं कसं वहिनी?” अथमानी गालात हसला. “आत्ताच तर तुम्ही नाही म्हणालात.”

रेहेमा ‘आई, आई’ करत झेनाकडे झेपावत होती. तौसीनं तिला छातीशी घट्ट धरलं, कानात काहीतरी पुटपुटली. हळूहळू पोर शांत झाली आणि तिनं तौसीच्या मानेत तोंड खुपसलं.

दोघी मायलेकी कर्जापोटी गेल्या होत्या, पण त्या घटकेलाही झेनाला जाळत होतं ते एवढंच, की पोर तौसीजवळ गप्प झाली.